साखरेची गोळी आणि एकादशी

आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय सत्तरीच्या जवळ. बारा-तेरा वर्षे मधुमेह आहे, पण इन्शुलिनची सुई लागत नाही. गोळीवरच साखर ठीक राहते. गोळी घेण्याच्या बाबतीत आजी मोठ्या काटेकोर. "एक दिवससुद्धा चुकवायची नाही," असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते आणि आजींनी ते अक्षरशः पाळले होते. काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीलाही पाळले. स्नान झाले, पूजा झाली, गोळी घेतली. त्या दिवशी मात्र पाणी आणि बिनसाखरेचा चहा, एवढ्यावरच राहायचे त्यांनी ठरवले होते.

दुपारी दोनच्या सुमारास आजींना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. थोड्या वेळाने त्या नातवाला आपल्या दिवंगत भावाच्या नावाने हाक मारू लागल्या. घरच्यांना वाटले, उपासाने थकल्या आहेत, वयही झाले आहे. जरा पडू द्या, बरे वाटेल. आणि आजी खरोखरच झोपल्यासारख्या झाल्या. नववीतला नातू शाळेतून आला. त्याने हलवून पाहिले तर त्या जाग्याच होईनात. तेव्हा धावपळ सुरू झाली. रुग्णालयात बोटाला सुई टोचून रक्त तपासले, तर साखर १०० मिलिलिटरमध्ये अवघी ३८ मिलिग्रॅम! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आजींनी डोळे उघडले. पण डॉक्टरांनी लगेच घरी सोडले नाही, आणि ते बरेच झाले, कारण रात्री साखर पुन्हा खाली आली.

या सगळ्या गडबडीत डॉक्टरांनी घरच्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. "कोणती गोळी घेतात?" उत्तर मिळाले, "साखरेची." "नाव काय?" "पांढरी असते, लांबट." घरी जाऊन पट्टी आणली, तर दुकानदाराने मोजून गोळ्या देताना कात्रीने कापलेली ती अर्धी पट्टी होती. नावाचा भाग उरलेल्या अर्ध्यावर राहिला होता, आणि तो अर्धा भाग दुकानात.

मला या लेखात जे म्हणायचे आहे ते या प्रश्नोत्तरातच आहे. "साखरेची गोळी" नावाची एक वस्तू अस्तित्वातच नाही. आपण ज्यांना सरसकट या नावाने ओळखतो त्या गोळ्या निरनिराळ्या कुळांतल्या असतात, शरीरात निरनिराळ्या ठिकाणी काम करतात, आणि उपाशीपोटी त्यांचे वागणे तर अगदीच निरनिराळे असते. तेव्हा घरातल्या मधुमेही माणसाच्या गोळीचे शास्त्रीय नाव आणि तिचे काम घरातल्या निदान एका माणसाला ठाऊक असले पाहिजे. हा माणूस बहुतेक घरांत माध्यमिक शाळेत जाणारा विद्यार्थीच असू शकतो, असे माझे मत आहे. कारण चंदेरी पट्टीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचण्याइतकी नजर आणि इंग्रजी, दोन्ही त्याच्याजवळ असतात. आजीआजोबांजवळ बहुधा यांपैकी एक नसते.

हा विषय थोड्याथोडक्या घरांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असावा. तुमच्या वर्गात किती घरी मधुमेह आहे, हात वर करा म्हटले तर काय दिसेल याची कल्पना करा.

आता आजींची गोळी काय होती ते पाहू. तिचे नाव ग्लिमेपिराइड. ही सल्फोनिलयुरिया या कुळातली. या कुळाचा जन्मच मुळी एका अपघातातून झाला. १९४२ साल. दुसरे महायुद्ध चालू होते, फ्रान्समध्ये अन्नाची टंचाई होती. माँपेलिए या गावी विषमज्वराच्या रोग्यांवर मार्सेल झांबाँ हे डॉक्टर सल्फा जातीचे एक नवे औषध वापरून पाहत होते. ते इतके नवे होते की त्याला अजून नावही नव्हते, नुसता क्रमांक होता : २२५४ आर.पी. औषध दिलेल्या काही रोग्यांना झटके येऊ लागले, शुद्ध हरपू लागली, काही दगावले. रक्त तपासले तेव्हा त्यातली साखर फार खाली गेलेली आढळली. झांबाँ यांनी ही गोष्ट तेथल्याच ओग्युस्त लुबातिएर या शरीरशास्त्रज्ञाला सांगितली. लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. औषध दिले की कुत्र्याची साखर उतरे. पण ज्या कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले होते त्याची मात्र उतरत नसे. यावरून त्यांनी ओळखले की औषध स्वतः साखर जाळत नाही, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते.

म्हणजे बघा, हे औषध साखर बेसुमार उतरवते हे आधी समजले, आणि त्याचा मधुमेहावर उपयोग होईल हे नंतर. त्याचा गुण आणि त्याचा दोष या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे.

ते कसे, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. स्वादुपिंडात बीटा पेशी असतात. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की ती या पेशींत शिरते, तिच्यापासून ऊर्जा निर्माण होते, आणि त्या ऊर्जेच्या इशाऱ्यावर पेशीच्या पटलातली पोटॅशियमची दारे बंद होतात. त्यामुळे पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्शुलिन बाहेर पडते. तुमच्या दारावरच्या घंटेसारखेच हे आहे. पाहुणा आला, त्याने बटण दाबले, घंटा वाजली, यजमान धावला. सल्फोनिलयुरिया काय करते? पाहुण्याची वाट न पाहता बटण स्वतःच दाबून धरते. पोटॅशियमची दारे ती परस्पर बंद करते. जेवण झालेले असेल तर छान, आलेल्या साखरेची सोय लागते. पण एकादशीला पाहुणा आलेलाच नसतो. घंटा मात्र वाजत राहते, इन्शुलिन बाहेर पडत राहते, आणि रक्तात होती नव्हती ती साखर संपत जाते. मेंदू आपल्या गरजेसाठी मुख्यतः ग्लुकोजवर अवलंबून असतो. म्हणून आधी घाम, थरथर, धडधड, भूक. मग बरळणे, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधेरी. आणि शेवटी बेशुद्धी, हा क्रम. वृद्ध माणसांत पहिल्या पायऱ्या कित्येकदा दिसतच नाहीत, एकदम बरळणेच सुरू होते, आणि घरचे त्याला म्हातारपणाचा खेळ समजतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही. तेव्हा गोळीवर असलेल्या माणसाला अवेळी घाम फुटला तर कारण उन्हात शोधण्याआधी रक्तात शोधावे.

या कुळातली ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी तर फार वेळ रेंगाळते. यकृतात तिचे रूपांतर होऊन जे पदार्थ बनतात तेही साखर उतरवतात, आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर शरीरात साचतात. साठीपुढच्या माणसांना ती योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत नमूद केले आहे. ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या त्याच कुळातल्या बहिणी तुलनेने सौम्य. पण कुळाचा स्वभाव सगळ्यांत आहे. आजींची साखर रात्री पुन्हा का उतरली, तेही आता तुमच्या लक्षात आले असेल. शिरेतून दिलेले ग्लुकोज खर्च झाले, गोळीचा अंमल मात्र शिल्लक होता. म्हणून या गोळीने बेशुद्ध झालेला माणूस साखर देताच शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यायचेच असते.

आता हीच एकादशी, हेच वय, पण गोळी मेटफॉर्मिन. काय झाले असते? बहुधा काही नाही. मेटफॉर्मिन स्वादुपिंडाच्या घंटेला हात लावत नाही. आपले यकृत रात्रंदिवस थोडी थोडी साखर रक्तात सोडत असते. मधुमेहात ते जरा सढळ हाताने सोडते. मेटफॉर्मिन त्या हाताला आवर घालते. एकटी असताना ही गोळी साखर धोक्याच्या पातळीखाली क्वचितच नेते. पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी १९५७ साली ती मधुमेहावर पुढे आणली. गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतल्या एका द्रव्याशी तिचे नाते आहे. तिच्याही काही अटी आहेत. तिची थोरली बहीण फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल वाढवून जिवावर उठू लागली, म्हणून १९७७ साली अमेरिकेत ती मागे घेण्याचा आदेश निघाला. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फारच कमी, पण मूत्रपिंडे बरीच निकामी झाली असतील, माणूस अट्टल मद्यपी असेल, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटले असेल, तर तो वाढतो. म्हणून मूत्रपिंडांची तपासणी वर्षातून निदान एकदा हवी. बरीच वर्षे ही गोळी घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. आपल्याकडे शाकाहारी मंडळींत ते आधीच बेताचे असते. पायाला मुंग्या येतात म्हणून सगळा दोष मधुमेहाला देण्यापूर्वी हे तपासून घेतलेले चांगले.

इथे आकड्यांची एक गंमत सांगून ठेवतो. मेटफॉर्मिनच्या गोळीवर ५०० किंवा १००० मिलिग्रॅम लिहिलेले असते. ग्लिमेपिराइडच्या गोळीवर १ किंवा २. "आमची काय, एक मिलिग्रॅमची बारकी गोळी!" असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. गणितात १ हा ५००पेक्षा लहान असेल, औषधांत तशी तुलना करायची नसते. ती १ मिलिग्रॅमची गोळीच एकादशीला आडवे करते.

तिसरे एक नवे कूळ आहे, त्याची नावे 'ग्लिफ्लोझिन'ने संपतात : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर एरवी रक्तात परत घेतली जाते. या गोळ्या ती वाट अडवतात, आणि साखर लघवीवाटे निघून जाते. प्रयोगशाळेत तुम्ही बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाने साखरेची परीक्षा केली असेल. या गोळ्या घेणाऱ्याच्या लघवीची परीक्षा केली तर रक्तातली साखर उत्तम असूनही द्रावण विटेसारखे लाल होईल! हृदय आणि मूत्रपिंडे यांनाही या गोळ्यांचा फायदा होतो. पण लांबलेल्या उपासात, किंवा ताप-उलट्यांत अन्नपाणी तुटले असता, काही माणसांच्या रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू लागतात, आणि चकवा असा की त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो. मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असली तर डॉक्टर ही गोळी निदान तीन दिवस आधी थांबवतात ती याचसाठी.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन ही 'ग्लिप्टिन' मंडळी साखर वाढलेली असेल तेव्हाच घंटा जोरात वाजवतात. एकट्या असताना उपासाला त्या गरीब. त्यांच्याविषयी इथे एवढेच पुरे.

व्होग्लिबोज आणि अकार्बोज यांविषयी मात्र एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी, आणि ती तुम्हांला रसायनशास्त्राच्या पुस्तकातूनच समजेल. आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यात ही जोडी फुटल्याशिवाय ती रक्तात जात नाही. या गोळ्या नेमके हे फोडण्याचे काम मंदावतात. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज तिन्ही एकाच गोळीत घातलेली औषधे आपल्याकडे सर्रास मिळतात. अशी गोळी घेणाऱ्याची साखर उतरली आणि तुम्ही साखरेचे पाणी पाजले, तर ते लवकर लागू पडत नाही. तिथे ग्लुकोजची पूडच हवी. घरात अशी गोळी असेल तर ग्लुकोजचा डबा कुठे आहे, हे सर्वांना माहीत पाहिजे.

एरवी, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीनेक चमचे, पाण्यात ढवळून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा रक्त तपासावे. आकडा अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा द्यावे. त्यानंतर काही तरी खायला द्यावे, आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उपास मोडला म्हणून कोणी हळहळेल, त्यांना हळहळू द्या.

आपल्या उपासांचाही विचार केला पाहिजे. सगळे उपास आजींसारखे नसतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच भाषेतली! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सकाळी खिचडी, दुपारी वरीचा भात, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, रात्री पुन्हा वडे, असा उपास करणाऱ्याची साखर उतरणार तर नाहीच, भलतीच चढेल. म्हणजे एकाच गोळीवर असलेल्या दोन माणसांना एकाच एकादशीला उलट सल्ला लागेल. म्हणून "उपासाला गोळी घ्यायची की नाही?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको. डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना गोळीचे नाव व उपासाला काय काय खाणार ते दोन्ही सांगा.

या बाबतीत रमजानच्या उपवासाचा विचार अधिक पद्धतशीर झालेला आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने इतर तज्ज्ञांबरोबर २०१६ आणि २०२१ साली त्यासाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. कोणी उपवास करावा, कोणी टाळावा, कोणती गोळी पहाटेऐवजी सूर्यास्तानंतरच्या जेवणाबरोबर घ्यावी, कोणाची मात्रा कमी करावी, हे सारे तीत आहे, आणि रमजानच्या कित्येक आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे असेही सांगितले आहे. चातुर्मासाआधी, नवरात्राआधी आपल्यापैकी किती घरांतून कोणी असे विचारायला जाते? डॉक्टर विचारत नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्यांच्या दाराशी रांग असते. पण रोगीही सांगत नाहीत, कारण उपासाचे नाव काढले की डॉक्टर रागावतील अशी धास्ती वाटते. मला वाटते, रागावले तरी चालेल, सांगावे.

काही शिक्षक म्हणतील, "मुलांच्या हाती औषधांच्या गोष्टी देऊ नयेत. अर्धवट ज्ञानाने ती घरात डॉक्टरकी सुरू करतील." ही भीती अगदीच निराधार नाही. गोळी बंद करणे, वाढवणे, बदलणे हे काम विद्यार्थ्याचे नाही, आईवडिलांचेही नाही. काल राहिली म्हणून आज दोन घेणे हेही नाही. पण नाव वाचणे म्हणजे डॉक्टरकी नव्हे. उलट नाव न वाचल्यानेच घोटाळे होतात. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावांनी एकच औषध लिहून दिले आणि रोगी दोन्ही घेत राहिला, हे घडते. पट्टीवर शास्त्रीय नाव, मात्रा आणि मुदत छापणे कायद्याने बंधनकारक आहे ते कोणी तरी वाचावे म्हणूनच ना? आणि ज्या पुड्यांवर ते छापलेले नसते त्यांच्यापासून तर दूरच राहावे. २००८ साली सिंगापूरमध्ये बेकायदा विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले निघाले. मधुमेह नसलेली माणसे साखर उतरून रुग्णालयात आली, त्यांतली चार दगावली. 'साखर मुळापासून घालवणारी' बिननावाची पूड कोणी आणून दिली तर ही गोष्ट आठवा.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी एक सूचना आहे. पचनसंस्था किंवा अंतःस्रावी ग्रंथी शिकवताना एक तास या कामाला द्यावा. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी पट्टीवरची शास्त्रीय नावे उतरवून आणावीत. कोणाच्या घरची ते सांगण्याची गरज नाही, नुसती नावे. फळ्यावर मानवी शरीराची आकृती काढावी आणि कोणते नाव यकृतापाशी जाते, कोणते स्वादुपिंडापाशी, कोणते आतड्यापाशी आणि कोणते मूत्रपिंडापाशी ते विद्यार्थ्यांनीच लावून पाहावे. नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरे असतील तर त्यांचाही अर्थ सांगावा : ती गोळी औषध सावकाश सोडते, म्हणून ती कुटायची, चावायची नसते. अशा काही गोळ्यांचे रिकामे कवच शौचातून जसेच्या तसे पडते, आणि "गोळी पचलीच नाही" म्हणून माणूस घाबरतो. औषध आत उतरलेले असते.

आजींच्या डॉक्टरांनी नंतर त्यांची गोळी बदलली, आणि निरंकार एकादशी करू नका असे सांगितले. आजींनी दूध, ताक, थोडे राजगिऱ्याचे, थोडे फळ यावर तडजोड केली. कुरकुर केली, पण केली. नातू आता दुकानातून गोळ्या आणायला स्वतः जातो. पट्टी कापायची झाली तर नावाची बाजू आम्हांला द्या, असे तो सांगतो, आणि घरी आल्यावर एका जाड कागदावर नाव, मात्रा आणि "जेवणाबरोबर" असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवतो. सकाळी आजींची नजर तिथे जातेच.